दंडाची पावती आणि नोकरीचा अर्ज

महाराष्ट्राचे माननीय मुख्यमंत्री यांस,



सरकारी नोकरीसाठी निवड झालेल्या उमेदवाराला रुजू होण्याआधी साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. नाव, पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या हे सगळे लिहून झाले की एक रकाना येतो. आपल्याला कधी अटक झाली होती काय? आपल्यावर खटला चालला होता काय? न्यायालयाने कधी दंड केला होता काय, शिक्षा सुनावली होती काय? दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल चार-पाच वर्षांपूर्वी कोर्टात पैसे भरून आलेला तरुण या रकान्यापाशी अडखळतो. आपण फक्त दंड भरला होता, त्यात कसला गुन्हा, असे त्याला मनापासून वाटत असते. तो ‘नाही’ लिहितो. पुढे पोलीस पडताळणीत जुनी नोंद निघते आणि त्याची नेमणूक रद्द होते ती दारूपेक्षाही त्या ‘नाही’मुळे. माहिती दडवली हा ठपका मूळ गुन्ह्याहून जड ठरतो.

हे पत्र त्या रकान्याविषयी आणि माणूस तिथवर ज्या वाटेने येतो त्या वाटेविषयी आहे. ही वाट पोलीस, न्यायालय, परिवहन आणि सामान्य प्रशासन अशा चार दारांतून जाते. त्यांतली तीन थेट आपल्या शासनाची आहेत, म्हणून हे पत्र आपल्या नावे लिहिले आहे.

शनिवारी रात्री मुंबईत किंवा पुण्यात नाकाबंदी लागते. पोलीस श्वासतपासणीचे यंत्र तोंडापुढे धरून ‘फुंका’ म्हणतो. शंभर मिलिलिटर रक्तामागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. सिग्नल तोडला, हेल्मेट नव्हते, तर चलन भरून विषय तिथेच मिटतो. कलम १८५ तडजोडीच्या गुन्ह्यांत बसत नाही, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावेच लागते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. त्याखेरीज कायद्याच्या कलम २० प्रमाणे किमान सहा महिने गाडी चालवण्यास अपात्र.

कोर्टाच्या व्हरांड्यात अशा प्रकरणांतल्या माणसांना एकच सल्ला मिळतो : कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा, नाहीतर तारखा पडत राहतील. रोजंदारी बुडवून, रजा टाकून तारखांना येणे कोणाला परवडते? आत नाव पुकारले जाते, ‘गुन्हा कबूल आहे का’ असे विचारले जाते, ‘हो’ म्हटले जाते आणि पावती हातात पडते. घरी फोन जातो की केस मिटली. प्रत्यक्षात त्या मिनिटाला दोषसिद्धी झालेली असते. या ‘हो’चा अर्थ नोकरीच्या अर्जात, पोलिसांच्या दाखल्यात आणि व्हिसाच्या फॉर्मवर काय होणार आहे, हे त्याला त्या खोलीत कोणीही सांगत नाही.

हे वाचताना कोणाला वाटेल की दारूड्या चालकांची कड घेतली जात आहे. तसे नाही, आणि हे आधीच नीट सांगितले पाहिजे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची सक्तमजुरी कायम ठेवली आणि असल्या गुन्ह्याला हलक्या शिक्षा होतात याबद्दल चिंता व्यक्त केली. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी या गुन्ह्याविरुद्ध जी मोहीम उघडली ती योग्यच होती, आणि तिच्यात तसूभर ढिलाई होऊ नये. कोणाचा जीव गेला असेल तर तिथे भारतीय न्याय संहितेची वेगळी आणि कडक कलमे आहेत, आणि ती लागलीच पाहिजेत.

इथे प्रश्न आहे तो ज्याने कोणाला इजा केली नाही, नाकाबंदीत सापडला, कबूल झाला आणि न्यायालयाने दिलेली शिक्षा पुरी भोगली त्याचा. ती शिक्षा कधी संपते?

कायदा सगळ्यांना सारखा आहे, पण त्याचा मार सारखा बसत नाही. स्वतःची गाडी असलेल्या माणसाचा परवाना सहा महिने गेला तर तो चालक ठेवतो, टॅक्सी करतो, नाहीतर शेजारच्या सीटवर बसून ऑफिसला जातो. त्याच रात्री, त्याच नाक्यावर, तेवढ्याच आकड्यावर सापडलेल्या टेम्पोवाल्याचे सहा महिन्यांचे उत्पन्न जाते. रिक्षा असेल तर तिचा हप्ता थांबत नाही, आणि बॅजचे काम पुन्हा आरटीओ व पोलीस यांच्यात अडकते. गाडी दुसऱ्याला भाड्याने द्यायची तर हाती येणाऱ्या पैशात घरही चालत नाही आणि बँकही ऐकत नाही. सहा महिन्यांनी परवाना परत मिळाला तरी ट्रान्सपोर्टवाला विचारतोच : मध्ये कुठे होतास?

ज्यांच्या हाती इतरांचे जीव असतात, त्यांच्याबाबत कडक राहायलाच हवे. एसटीच्या स्टिअरिंगवर दारू प्यायलेला माणूस क्षणभरही बसता कामा नये. रेल्वेत लोको पायलटला ड्यूटीवर चढण्याआधी श्वासतपासणी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका चालकाच्या प्रकरणात जे ठरवले ते या बाबतीत वाचण्यासारखे आहे. प्रादेशिक सशस्त्र दलाचा हा चालक कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताला जवान घेऊन फतेहपूरहून अलाहाबादला चालला होता. प्यायलेला होता. ट्रक एका जीपवर आदळला. मोठी हानी झाली नाही, म्हणून दया करा, हे म्हणणे न्यायालयाने धुडकावले. जीव वाचले हे नशीब होते, चालकाचे कर्तृत्व नव्हते, असा न्यायालयाचा रोख होता. पण पंचवीस वर्षांची नोकरी पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. चालक तोवर वारला होता. निवृत्तीचे लाभ त्याच्या कुटुंबाला मिळाले. गुन्ह्याला गुन्हा म्हणायचे आणि तरीही शिक्षेचे माप मोजून द्यायचे, या दोन्ही गोष्टी एकाच निकालात करता येतात.

हे माप आपल्या अर्जांच्या रकान्यांत नाही. कलम १८५ ला एकतीस मिलिग्रॅम आणि अडीचशे मिलिग्रॅम यांत फरक दिसत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर स्कूटरवर बसलेला मुलगा आणि तोल न सावरता महामार्गावर ट्रक काढणारा माणूस, दोघांची नोंद एकाच वाक्यात होते. तलाठ्याच्या पदाला, ग्रंथालयातल्या लिपिकाच्या पदाला आणि शाळेच्या बसवरच्या चालकाला तोच प्रश्न विचारला जातो, त्याच शब्दांत, आणि किती वर्षांपूर्वीचे विचारत आहोत याला कुठेही हद्द नाही.

याची जाणीव न्यायव्यवस्थेला कधीचीच आहे. १९९६ साली हरियाणा सरकारच्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याबद्दल त्याला संक्षिप्त खटल्यात वीस रुपये दंड झाला होता. गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि त्या वीस रुपयांपायी नोकरी गेली. न्यायालयाने नोकरीचा प्रश्न तर सोडवलाच, पण निकालाच्या शेवटी थेट संसदेला उद्देशून लिहिले. देशभर हजारो माणसे, त्यांत बहुतेक तरुण आणि अजाण, वाहतुकीच्या किंवा नगरपालिकेच्या किरकोळ खटल्यांत कबुली देऊन दंड भरतात आणि त्यापायी त्यांचे पुढचे आयुष्य उद्ध्वस्त होते. तेव्हा दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड हा सरकारी नोकरीच्या कामी दोषसिद्धी मानूच नये, अशी तरतूद करा, असे न्यायालयाने सुचवले. त्या वेळी कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड किती होता? दोन हजार रुपयेच. जवळपास तीस वर्षे झाली. तशी तरतूद झाली नाही. २०१९ मध्ये संसदेने मोटार वाहन कायदा दुरुस्त केला तेव्हा दंड पाचपट केला आणि १९९६ ची सूचना तशीच राहिली.

मधल्या काळात न्यायालयांनी एकेका माणसापुरते दार किलकिले केले. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत हेडकॉन्स्टेबल व्हायला निघालेल्या एका तरुणाने जुने, तडजोडीने मिटलेले मारामारीचे प्रकरण अर्जात लिहिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या वयाकडे पाहून त्याला संधी दिली, आणि निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पाव चोरल्याबद्दल जन्मभर गुन्हेगार ठरलेल्या जाँ वालजाँची आठवण काढली. २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयावरचे सगळे उलटसुलट निकाल एकत्र करून नियम घालून दिले. गुन्हा किरकोळ असेल आणि तो सांगितला असता तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर दडवण्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. मात्र खरे सांगितले तरी उमेदवाराचा पूर्वेतिहास पाहून त्याला नाकारण्याचा अधिकारही त्यालाच आहे.

म्हणजे सगळे नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावर आले. सांगली जिल्ह्यातला एखादा अधिकारी समजूतदारपणे सही करील, दुसऱ्या जिल्ह्यातला ‘कशाला जोखीम’ म्हणून फाईल बंद करील. पहिल्याच्या हाताखाली गेलेला उमेदवार नोकरीला लागतो आणि दुसऱ्याकडे गेलेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायची ऐपत असल्याखेरीज काही करू शकत नाही. अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे पांढऱ्यावर काळे असे काही नाही, म्हणून ते स्वतःला वाचवतात.

खासगी नोकरीत तर तेवढाही आधार नाही. मोठ्या कंपन्या उमेदवाराची पूर्वपडताळणी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येते. महाराष्ट्रात अशी प्रकरणे एस.सी.सी., म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, या क्रमांकाखाली दिसतात. तिथे नाव असते. त्या माणसाचा जन्म, पत्ता, छायाचित्र तिथे नसते. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे, पवार या आडनावांचे आणि त्याच नावांचे किती लोक एकेका तालुक्यात असतात हे आपल्याला सांगायला नको. दुसऱ्याचा खटला आपल्या नावावर दिसला तर तो आपला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उमेदवारावरच येऊन पडते, आणि कंपनी तोवर पुढच्या माणसाला बोलावते. नकाराचे कारण लेखी देण्याचे तिच्यावर बंधन नाही.

पासपोर्टची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. पासपोर्ट कायद्याप्रमाणे नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल तर पाच वर्षे पासपोर्ट नाकारता येतो. दंड भरलेला माणूस त्यात बसत नाही. पण फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट अडवता येतो आणि न्यायालयाची परवानगी आणावी लागते. आता विचार करावा : ज्याला खात्री आहे की यंत्राने चूक केली, त्याने लढायचे ठरवले तर खटला चालू राहील तोवर पासपोर्टसाठी हेलपाटे. ज्याने कबूल केले त्याचा मार्ग मोकळा. हिंजवडीतल्या, खराडीतल्या, ऐरोलीतल्या ज्या मुलांना कंपनी परदेशी पाठवणार आहे, त्यांना निर्दोष असूनही कबुली देण्याकडे कायदाच ढकलतो.

आणि तिकडे ही कबुली पुन्हा समोर येते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात कधी अटक किंवा दोषसिद्धी झाली होती काय, माफी मिळाली असली तरीही सांगा, असा प्रश्न असतो. गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदा जरी अटक झाली असेल तर अर्जदाराला नेमून दिलेल्या डॉक्टरकडे पाठवले जाते. २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे धोरण असे आहे की अमेरिकेत राहत असलेल्या माणसाला अशी अटक झाली तर दोष सिद्ध होण्याआधीच त्याचा व्हिसा रद्द करता येतो. एच-१बी वर गेलेला आपला मुलगा तिथे कामावर राहू शकतो, पण आईच्या आजारपणासाठी घरी आला तर नव्या व्हिसाशिवाय परत जाता येत नाही. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली, त्यामुळे बाहेरच्या देशातली अशी एक दोषसिद्धीही ‘गंभीर गुन्हेगारी’त गणली जाऊन प्रवेश अडू शकतो. पण त्याच कॅनडात शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाली की पुनर्वसनासाठी अर्ज करण्याची सोय आहे. कडक कायदा करणाऱ्यांनी परतीची वाटही लिहून ठेवली.

ही परतीची वाट आपल्याच देशात, आपल्याच कायद्यांत सापडते, ती फक्त ठराविक लोकांसाठी. वैमानिकाचे पाहा. उड्डाणाआधी श्वासतपासणीत पहिल्यांदा सापडला तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तीन महिने परवाना निलंबित करते. दुसऱ्यांदा तीन वर्षे. तिसऱ्यांदा परवाना कायमचा रद्द. शेकडो जीव ज्याच्या हातात आहेत त्याला पहिल्या चुकीची किंमत काय आणि ती कधी फिटते हे आधीच माहीत असते. टेम्पोचालकाला हे माहीत नसते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत २०१५ च्या बालन्याय कायद्याने कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की दोषी ठरल्यामुळे चिकटणारी अपात्रता त्या मुलाला लागू होणार नाही आणि ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट केल्या जातील; अपवाद फक्त सोळा ते अठरा वयातल्या अत्यंत गंभीर गुन्ह्यांचा. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाची नोंद पुसली जाते आणि अठरा वर्षे एक महिन्याच्या मुलाची निवृत्तीपर्यंत टिकते. ब्रिटनने प्रौढांसाठी हेच काम १९७४ मध्ये केले. तिथल्या पुनर्वसन कायद्यानुसार दारू पिऊन गाडी चालवण्याची नोंद प्रौढाच्या बाबतीत पाच वर्षांनी ‘सरलेली’ मानली जाते. त्यानंतर साध्या नोकरीच्या अर्जात ती सांगण्याची सक्ती नाही. परवान्यावर मात्र ती अकरा वर्षे राहते, कारण रस्त्याच्या सुरक्षेसाठी ती माहिती लागते. नोकरीसाठी वेगळी मुदत, रस्त्यासाठी वेगळी. हा भेद आपल्याकडे अजून कोणी केला नाही.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याची आठवण इथे कोणी जाणकार करून देईल. त्यात न्यायालय ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते, आणि कलम १२ प्रमाणे अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण ज्या खटल्यात वकील नाही, युक्तिवाद नाही आणि सगळे काही मिनिटांत संपते, तिथे हा कायदा मागणार कोण? शिवाय कलम १२ मुळे अपात्रता गेली तरी मूळ वर्तन पुसले जात नाही, खाते त्याबद्दल कारवाई करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगितले आहे. तेवढ्यावर अवलंबून राहता येत नाही.

हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी एक वेगळी गोष्ट केली आहे. पकडलेल्याला न्यायालयात नेण्याआधी घरच्या माणसाला सोबत घेऊन समुपदेशनाला यावे लागते. आई किंवा बायको शेजारी बसलेली असताना अपघातांची चित्रफीत पाहणे ही शिक्षा नव्हे, पण ती दंडापेक्षा जास्त काळ लक्षात राहते. याच परिसरातल्या सायबराबाद पोलिसांनी पकडलेल्यांच्या कार्यालयांना कळवण्याची भूमिकाही जाहीर केली होती. ती मात्र महाराष्ट्राने उचलू नये. न्यायालयाने जी शिक्षा सुनावली नाही ती पोलिसांनी पत्र पाठवून देणे योग्य नाही, आणि नोकरी गेलेला माणूस कमी पितो असा अनुभव कोणाच्याही घरी नाही.

ज्यांचे पिणे हा खरोखर आजार झाला आहे, त्यांच्याविषयी महाराष्ट्राला इतर राज्यांपेक्षा जास्त कळायला हवे. १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले तेव्हापासून व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस बाहेर येतो, हे इथल्या घराघरांत पोहोचले आहे. बाहेर आलेल्या माणसाला टिकून राहायला काय लागते, हे त्या क्षेत्रात काम करणारे एकमुखाने सांगतील : सकाळी उठून जायला एक काम. कलम १८५ मध्ये तपासणीचा किंवा उपचाराचा शब्दही नाही. दुसऱ्यांदा सापडलेल्या माणसाला व्यसन आहे की नाही हे पाहण्याची कोणावर जबाबदारी नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवाना निलंबित झालेल्यांसाठी उजळणी प्रशिक्षण आणले, ते चांगले झाले. पण तिथे वाहतुकीची चिन्हे शिकवतात, पिणे कसे थांबवायचे ते नाही.

माननीय महोदय, आपल्याकडून मागायचे ते यातूनच येते, आणि त्यातले बरेचसे आपल्या एका सहीने होण्यासारखे आहे.

राज्य शासनाचा साक्षांकन नमुना बदलावा. मोटार वाहन कायद्याखालच्या, कोणाला इजा न झालेल्या, फक्त दंड झालेल्या प्रकरणांसाठी वेगळा रकाना असावा. त्यात वर्ष आणि दंडाची रक्कम लिहायची सोय असावी आणि खाली मराठीत स्पष्ट छापावे की न्यायालयात दंड भरला असेल तर तो इथे सांगणे आवश्यक आहे आणि एवढ्याच कारणावरून नेमणूक नाकारली जाणार नाही. खरे लिहिण्याची भीती गेली तर बहुतेक लोक खरे लिहितील. ज्या पदांवर गाडी चालवायची नाही, तिथे अशी एकुलती नोंद तीन वर्षांनंतर विचारात घेऊ नये. चालक पदासाठी मुदत जास्त ठेवावी. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी ॲपवरच्या टॅक्सीचालकांसाठी मागच्या सात वर्षांत अशी दोषसिद्धी नसावी अशी अट घातली होती. ती कडक होती, पण तिला शेवट होता. पोलीस शिपाई चालक, एसटी, महापालिकेची बस, रुग्णवाहिका यांसाठी तीच घ्या आणि जाहिरातीतच छापा, म्हणजे आठव्या वर्षी आलेल्या उमेदवाराला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला यातली कोणतीही सवलत नको. त्याच्यासाठी उपचाराचा दाखला ही पहिली अट असावी.

पोलीस आयुक्तालये आणि अधीक्षक कार्यालये जे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र देतात, त्यातही हीच मुदत पाळली जावी. खासगी मालकाने मागितलेल्या दाखल्यात नऊ वर्षांपूर्वीच्या दंडाचे काय काम?

कलम १८५ ची प्रकरणे चालतात त्या न्यायालयांच्या बाहेर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील बसवण्याची विनंती शासनाने उच्च न्यायालयाला करावी. समन्ससोबत मराठी आणि हिंदीत एक पानाचे पत्रक द्यावे : कबुली म्हणजे दोषसिद्धी, तिचे परिणाम हे हे, यंत्राच्या आकड्यावर शंका असेल तर रक्ततपासणीचा मार्ग हा, परिवीक्षेची मागणी अशी करता येते. इतके सांगूनही कोणाला कबूलच व्हायचे असेल तर त्याने खुशाल व्हावे, पण समजून.

मोटार वाहन कायदा समवर्ती सूचीतला आहे. अल्कोहोलच्या प्रमाणानुसार शिक्षेच्या पायऱ्या, आणि शिक्षा भोगल्यानंतर नोंद सरण्याची मुदत, या दोन गोष्टींसाठी महाराष्ट्र आपले दुरुस्ती विधेयक आणून राष्ट्रपतींच्या संमतीला पाठवू शकतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे संसदेकडे मागितले ते एखाद्या राज्याने आधी करून दाखवण्यात कायद्याची आडकाठी नाही.

विधेयकाला वेळ लागेल हे समजण्यासारखे आहे. साक्षांकन नमुन्याला लागत नाही. तो सामान्य प्रशासन विभागाच्या शासन निर्णयाने बदलतो. पोलीस शिपाई चालक पदांची पुढची जाहिरात निघण्याआधी तो शासन निर्णय निघावा, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. त्या भरतीच्या मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या मुलांत काही असे असतील, ज्यांनी विशीत एकदा चूक केली, दंड भरला, आणि त्यानंतर प्यायल्यावर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. अर्ज भरताना काय लिहायचे हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

कळावे.

आपल्या राज्याचा एक नागरिक